तिन्ही मीटर एकाच नळीवर

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळचे सव्वासहा. पाकिटात शिल्लक गोळ्या नऊ.

काशिराम नाखव्यांनी गोळ्या बोटाने एकेक दाबून मोजल्या, पाकीट स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर साखरेच्या डब्यामागे सरकवले आणि मग चहाचे आधण चढवले. काल रात्री घेतलेली गोळी शेवटची. आज रात्री आठ वाजता ते गोळी घेणार नव्हते आणि उद्याही घेणार नव्हते. हा निर्णय कोणाला कळवण्याची आवश्यकता त्यांना वाटत नव्हती. कळवायचे म्हटले, तरी नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत ऐकून घ्यायला भिंतीवरचा शांतीचा फोटो तेवढा होता.

गोळी रक्त पातळ ठेवणारी होती. सात वर्षांपूर्वी काशिरामांच्या हृदयातली एक झडप काढून तिथे यांत्रिक झडप बसवण्यात आली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती धरू नये म्हणून रोज ही गोळी, आणि गोळीचे प्रमाण योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी महिन्याला एक रक्ततपासणी. त्या तपासणीच्या आकड्याला डॉक्टर आयएनआर म्हणत. काशिरामांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहायला हवा होता. खाली घसरला तर गुठळीचे भय, वर चढला तर रक्तस्रावाचे. तळोजाच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात सारी नोकरी काढलेल्या माणसाला खालची मर्यादा आणि वरची मर्यादा समजावून सांगावी लागली नव्हती.

झडप वाजत असे. खोली शांत असली की टिक, टिक असा बारीक आवाज यायचा. मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवावे तसा. सुरुवातीला काशिराम त्याने वैतागले होते. शांतीने मात्र तो आवाज चार दिवसांत घरातला करून टाकला. शेजारी बसून कोळंबी सोलता सोलता ती मध्येच म्हणायची, "आज घाईत आहे हो तुमचं घड्याळ. लिफ्ट बंद होती ना? जिना चढून आलात." तिचा अंदाज सहसा चुकत नसे. तिला जाऊन आता दोन वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून तो आवाज ऐकणारे काशिराम एकटेच उरले होते.

गोळीविषयीची तक्रार जुनी होती. दाढी करताना ब्लेड जरासे लागले तरी रक्त थांबता थांबत नसे. दाराची कडी लागली की हातावर निळा डाग उमटायचा आणि पंधरवडाभर मुक्काम करायचा. दिवाळीत ते उरणजवळ मोऱ्याला थोरल्या भावाकडे गेले होते, तेव्हा गुणावहिनींनी फराळाची ताटली पुढे करता करता त्यांचा हात धरला.

"ह्ये काय, भावजी? कोनी मारला काय तुमाला? सगला हात काला-निला झालाय!"

"मारायला घरात हाय कोन, वयनी?" काशिराम म्हणाले. मोऱ्यात पाऊल ठेवले की त्यांची जीभ आपोआप लहानपणाची होत असे.

सगळे हसले. तेही हसले. मात्र परतीच्या एसटीत, उरण मागे पडून पनवेल येईपर्यंत, ते आपलेच वाक्य मनात घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेतला. मराठी टाइप करण्याचा त्यांना कंटाळा. ते माइकचे चिन्ह दाबून बोलत. "रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हाताला डाग पडतात. ही गोळी बंद करता येते का?" त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले संपूर्ण वाक्य होते.

फोनने उत्तर दिले. पांढरा कोट घातलेले, पन्नाशीचे, प्रसन्न चेहऱ्याचे एक डॉक्टर पडद्यावर आले आणि सरळ डोळ्यांत पाहत म्हणाले, "काका, हातावर निळे डाग पडतात ना?"

"हो," काशिराम म्हणाले. मग आपण कोणाला उत्तर दिले हे ध्यानात येऊन त्यांनी उगाच दाराकडे पाहिले.

डॉक्टर पुढे सांगत होते की ही गोळी म्हणजे शरीरात रोज टाकलेले थोडे थोडे विष आहे, आणि जवस व लसणाचा काढा तेच काम करतो, तेही डाग न पडता. काशिरामांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. विश्वास मात्र ठेवला नाही. एका मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची नोकरीतली शिकवण होती.

कारखान्यात धोक्याच्या टाकीवर कधीही एकच मीटर नसे. तीन असत. एखादे बिघडून काहीही दाखवू शकते. म्हणून तीनपैकी दोहोंनी एकच सांगितले, तरच ते खरे मानून यंत्रणा चालू किंवा बंद करायची. तंत्रनिकेतनात हा नियम ते कागदावर शिकले होते आणि तळोजात त्यांनी त्यावर माणसांचे जीव सोपवले होते. तोच त्यांनी इथे लावला. आणि जीव स्वतःचा असल्यामुळे त्यांनी तो अधिक कडक केला: तीनपैकी दोन नव्हे, तिन्ही.

चार दिवसांनी दुसरा डॉक्टर आला, हिंदी बोलणारा, पहिल्यापेक्षा तरुण. नंतर एक बाई आल्या. त्यांच्यामागे पुस्तकांचे कपाट होते आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. तीन माणसे, तीन जागा, तीन बोलण्याच्या पद्धती, आणि म्हणणे एकच. अकरा तारखेच्या सकाळी त्या बाईंचा व्हिडिओ संपला आणि काशिरामांचा नियम पूर्ण झाला.

एक गोष्ट अधूनमधून खटकत असे. या डॉक्टरांच्या मध्येच फोन कधी कानडी स्वयंपाकाचे व्हिडिओ दाखवी, नाचणीचे डोसे वगैरे. कधी लहान मुलांची गाणी. काशिरामांनी यांतले काहीच मागितले नव्हते. तारेत कुठूनतरी शिरणारा खरखराट सोडून द्यावा, तसे त्यांनी ते सोडून दिले.

काढा कडू होता, पण डाग पुसट होऊ लागले. काशिराम रोज सकाळी वडाळे तळ्याभोवती फेरी मारून येत आणि खिडकीच्या उजेडात हात उलटसुलट करून पाहत. हात स्वच्छ होता. तो दाखवावा असे मात्र कोणी नव्हते.

रविवारी विनिताचा फोन आला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. बंगळुरूला नवरा, नोकरी आणि पाच वर्षांची पूर्वी यांच्यात गुरफटलेली.

"कसे आहात, बाबा?"

"ठीक. सगळं ठीक."

"गोळ्या वगैरे वेळेवर ना?"

"सगळं ठीक आहे गं."

मग पूर्वीच्या शाळेच्या चार गोष्टी झाल्या आणि फोन ठेवला गेला. विनिता त्याहून खोलात शिरणार नव्हती, आणि त्याला कारणही काशिरामच होते. शांती गेल्यावर तिने हॉलमध्ये कॅमेरा बसवण्याचा विषय काढला होता. "मी काय कंट्रोल रूममधलं पॅनल आहे, रात्रंदिवस कोणीतरी बघत बसायला?" ते ओरडले होते. "माझ्यावर पाळत ठेवायची नाही, विनिता." तिने तसे वचन दिले होते आणि तो विषय पुन्हा कधीही काढला नव्हता.

त्या रविवारनंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे फोनने सूर बदलला. एका मोठ्या रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ, मागे कसलीही सजावट नाही, जरा कंटाळवाण्या आवाजात सांगत होते की यांत्रिक झडप बसवलेल्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. दुसऱ्या दिवशी तेच सांगणाऱ्या एक डॉक्टर बाई. तिसऱ्या दिवशी आणखी एक. काशिराम गोंधळले. आधी तिन्ही म्हणत होते बंद करा, आता तिन्ही म्हणतात करू नका. त्यांच्या नियमाप्रमाणे दोन्ही निष्कर्ष खरे ठरत होते.

दुसरी गोष्ट शनिवारी सकाळी घडली. पेपर वाचता वाचता त्यांना वाटले, खोली फार शांत आहे. पंखा बंद होता, खालची वर्दळ अजून सुरू झाली नव्हती. त्यांनी श्वास रोखला. टिक ऐकू येत होती. पण ती दबलेली होती, रुमालाची आणखी एक घडी घातल्यासारखी. की तसे काही नव्हते? वय वाढले की कानही मंदावतात. दुसऱ्या कोणी ऐकून सांगितले असते, तर ताळा पाहता आला असता. "जरा ऐक गं," असे शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते.

त्यांनी सदरा चढवला, खाली येऊन रिक्षा केली आणि जुन्या पनवेलात मोहल्ल्याच्या तोंडाशी उतरले.

जमाल मुकादम तळोजात त्यांच्याबरोबरच लागला आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला. दोघांची भेट आताशा दोन-दोन महिन्यांनी होई. त्याची बायको सफूरा दार उघडताच म्हणाली, "या, काशिभाई. चेहरा असा का? तबियत बरी आहे ना?"

"ठीक आहे, भाभी."

"याचं कायम ठीक असतं," जमाल आतून ओरडला. "कंपनीत आग लागली तरी हा फोनवर हेच सांगायचा. ये रे नाखवा, बैस."

काशिरामांनी छातीकडे बोट दाखवले. "जमाल, जरा कान लावून बघ. आवाज येतो का?"

"माझा कान? हे कान कंप्रेसर हाउसने खाल्ले, तुला ठाऊक नाही? बायको ओरडते ते पण ऐकू येत नाही."

"ते बरं ऐकू येत नाही!" सफूरा चहाच्या आधणापाशी पुटपुटली.

"हे मात्र ऐकलं मी," जमाल म्हणाला. पण मित्राचा चेहरा पाहून त्याचे हसणे मावळले. "काय झालंय?"

काशिरामांनी क्रमाने सगळे सांगितले: डाग, तीन डॉक्टर, काढा आणि मग उलटे बोलणारे तीन डॉक्टर. ताळा पाहण्यासाठी त्यांनी जमालचा फोन मागून घेतला आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत त्यावर विचारला. निराळेच चेहरे आले. पहिल्याच डॉक्टरने गोळी बंद करू नका म्हणून बजावले, त्याखाली गुडघ्याचे तेल होते आणि त्याखाली दम्मामच्या नोकऱ्या. जमालचा मुलगा अदीब तिकडे सौदीत होता.

"प्रश्न एकच आणि फोनगणिक रीडिंग वेगळं," काशिराम हळूच म्हणाले.

"आणि तुझे तीन एकदम फिरले म्हणतोस?" जमाल पुढे सरकून बसला. "तिन्ही? एकाच वेळी? अरे, तीन नंबरची टाकी विसरलास?"

काशिराम विसरले नव्हते. तीन नंबरच्या टाकीवरची तिन्ही मीटरे एका दुपारी एकदम खाली आली होती, आणि या दोघांनीच छातीठोकपणे साहेबांना सांगितले होते की टाकी रिकामी झाली. टाकी तुडुंब भरलेली होती. मीटरे तीन असली, तरी ती बसवणाऱ्याने तिन्ही एकाच नळीवर जोडली होती, आणि ती नळीच चोंदली होती. तिघांनी मिळून एकच चूक तीनदा सांगितली होती.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. पहिला डॉक्टर आपण शेवटपर्यंत पाहिला, म्हणून दुसरा आला. दुसरा पाहिला, म्हणून बाई आल्या. कुठल्या टाकीत काय आहे याचा त्यांच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. तिघेही आपल्याच अंगठ्याला जोडलेले होते. आपल्याला जे ऐकायचे होते, तेच आपण तीन तोंडांनी ऐकले.

"पण मग फिरले कसे?" ते म्हणाले. "मी तर नंतर काही शोधलं नाही."

"खातं कोणाचं आहे फोनमध्ये?"

"विनिताचं. तिने पैसे भरलेत ना, जाहिराती येऊ नयेत म्हणून. शांतीची भजनं मध्ये तुटायची. तिचंच घालून..."

ते थांबले. नाचणीचे डोसे. लहान मुलांची गाणी. ज्याला इतके दिवस खरखराट म्हणून सोडून दिले, ते मुलीचे घर होते.

फोन त्यांनी तिथूनच लावला. जमाल उठून गॅलरीत गेला आणि सफूराने दार लोटून घेतले.

"विनिता, तुझ्याकडे माझे व्हिडिओ दिसतात?"

"टीव्हीवर दिसतात, बाबा. पूर्वीसाठी गाणी लावायला गेले की वर तुम्ही शोधलेलं, पाहिलेलं येतं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. मी मुद्दाम बघत नव्हते, शप्पथ." "मग ते गोळी बंद करा, गोळी बंद करा असं यायला लागलं. मी चांगल्या डॉक्टरांचे शोधून काढले आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर लावून ठेवले. आवाज बंद करून. म्हटलं, तुमच्याकडे तेच जातील."

"फोन करायचा होतास."

"केला होता ना रविवारी. विचारलं पण. तुम्ही म्हणालात, सगळं ठीक." ती आता रडत होती. "पाळत ठेवायची नाही म्हणाला होतात. कसं सांगू, की मला दिसतंय?"

काशिरामांना राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. आपल्या घरात कोणीतरी अनवाणी फिरत होते आणि आपल्याला चाहूल लागली नव्हती. फोनजवळ त्यांनी आणखी काय काय बोलून दाखवले होते ते त्यांना एकदम आठवले, आणि कानशिले तापली. विनिताला जणू तेच दिसले.

"बाबा, तुम्ही विचारलं होतं, एका माणसापुरतं कालवण कसं करायचं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही."

आठवडाभर बापलेकीच्या मधून एक यंत्र निरोप वाहत होते, आणि निरोपावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते.

"गोळी बंद केलीत का?" विनिताने शेवटी सरळ विचारले.

"केली. अकरा तारखेपासून." मग ते म्हणाले, "थांब. हे ऐक." त्यांनी सदऱ्याची दोन बटणे काढली आणि फोन छातीला लावून धरला. टिक नेहमीसारखी वाजते आहे की नाही, हे कोणीतरी सांगायला हवे होते. ते हलले नाहीत. मग फोन कानाला लावला.

"ऐकू येतंय काहीतरी," विनिता म्हणाली. "पण नेहमीसारखं आहे का ते मला नाही कळत, बाबा. आईला कळलं असतं."

"हो. तिला कळलं असतं."

जमाल त्यांना रिक्षातून घेऊन गेला. लॅबमधला आकडा एक पूर्णांक एक निघाला. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो पाहिला, रक्त गोठू न देणारी, पोटात द्यायची इंजेक्शने त्याच दुपारी सुरू केली, गोळी पुन्हा चालू केली आणि झडपेचे चित्र काढवून घेतले. झडप हलत होती. तिच्या कडेला काहीतरी धरू लागल्याची शंका होती. ठरावीक दिवसांनी पुन्हा पाहायचे होते. डॉक्टर रागावले नाहीत. "तुम्ही हे मला का विचारलं नाहीत?" एवढेच ते म्हणाले. तुम्ही तीन मिनिटे देता आणि फोन हवा तेवढा वेळ देतो, हे उत्तर काशिरामांनी मनातच ठेवले.

विनिता दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली आणि आठवडाभर राहिली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

"खातं वेगळं करून देऊ? की असू दे? तुम्ही सांगाल तसं. या वेळी विचारून."

काशिरामांनी पुष्कळ विचार केला. तसेच ठेवले असते, तर मुलीच्या घरातले डोसे आणि नातीची गाणी रोज दिसली असती. "वेगळं कर," ते म्हणाले. "तुला माझ्याविषयी काही हवं असेल, तर मला विचार. मी सांगेन."

"सांगाल?"

"प्रयत्न करीन."

ती गेल्यावर घर पूर्ववत झाले. नव्या खात्याला काशिराम कोण हे ठाऊक नव्हते. आपल्याला काय आवडते ते निवडा, असे फोनने लिहिले होते आणि खाली चौकोन दिले होते: क्रिकेट, पाककृती, प्रवास, आरोग्य. त्यांनी एकही चौकोन न निवडता फोन पालथा ठेवला. पोटावर इंजेक्शनांचे आणि हातावर गोळीचे नवे निळे डाग होते. पंखा बंद करून ते खुर्चीत बसले आणि ऐकू लागले. आवाज पहिल्यासारखा स्पष्ट वाटत होता, पण ती त्यांची एकट्याची साक्ष होती, आणि एका मीटरवर ते आजही विश्वास ठेवत नव्हते.

३ डिसेंबरला लॅबचा कागद आला. त्यांनी विनिताला फोन लावला. ती मीटिंगमध्ये असावी, उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हाही नाही. मग तिला निरोप पाठवायला त्यांनी माइकचे चिन्ह दाबले. त्या दिवशीचे त्यांचे ते पहिले संपूर्ण वाक्य होते. सवयीने "सगळं ठीक" जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले आणि फक्त आकडा सांगितला.

"विनिता, आजचा आयएनआर दोन पूर्णांक आठ आहे."